होते तसे

"अहो, लोकांच्या तोंडात बघू नका. मारतील एखादवेळी."

काकूंनी नवऱ्याच्या बाहीला हलकेच हिसडा दिला. समोर निखाऱ्यांवर कणसे भाजली जात होती आणि एक धिप्पाड गृहस्थ हातातल्या कणसाच्या रांगा एका बाजूने साफ करीत चालले होते. कवळीवाल्यांची दृष्टी त्या गृहस्थांच्या वरच्या ओठाखाली खिळली होती.

"खालचे स्वतःचे आहेत," ते पुटपुटले. "वरची कवळी. नुसत्या डाव्या बाजूनं चावतोय बघ. उजवी उचलली जात असणार."

"तुम्ही केलेली?"

"छे. मी केलेली असती तर दोन्ही बाजूंनी चावला असता."

"मग सोडा त्याला. आणि मला कणीस घ्या."

कवळीवाले हे त्यांचे नाव नव्हे. परंतु शहरातल्या दंतवैद्यांचे नोकर त्यांना त्याच नावाने ओळखत, आणि कालांतराने गल्लीही तेच म्हणू लागली. घराच्या मागच्या खोलीत त्यांचे काम चाले. दवाखान्यांतून प्लॅस्टरचे साचे खोक्यांत भरून येत. त्या साच्यांवर गुलाबी मेण पसरून, लहानशा दिव्याच्या ज्योतीवर सुरी तापवून, ते एकेक दात त्या मेणात बसवीत. काम पुरे झाले की खोके परत जाई. ज्या मुखासाठी एवढे श्रम केले ते मुख त्यांनी कधी पाहिलेले नसे. कोणी त्या दातांनी हसले, कोणी बोलले, कोणी भाकरीचा पहिला घास मोडला, यातले काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नसे. त्याची त्यांना खंत होती असेही नाही. दगड घडवणाऱ्याने देवळात जाऊन उभे राहावेच असा काही नियम नाही.

बाजाराजवळचा तो लांब रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद होता. दुतर्फा खाण्याचे ठेले लागले होते, दोऱ्यांवर कागदी झुंबरे डोलत होती, आणि रस्त्याच्या मधोमध लाकडी चौथऱ्यावर एक बँड वाजत होता. काकू दरवर्षी या जत्रेचे नाव काढीत आणि दरवर्षी कवळीवाल्यांना कोणाचा तरी जबडा आडवा येई. यंदा मात्र काकूंनी पहाटेच मेण वितळवण्याचा दिवा पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवला होता. दिव्यावाचून काम अशक्य, आणि तो कोठे आहे हे जत्रा पाहून आल्यावरच सांगितले जाणार होते.

"तुमच्या त्या वाकड्यालाही आणायला हवं होतं," कणसावर मीठ चोळीत काकू म्हणाल्या. "बिचारा खिडकीत एकटा बसलाय."

वाकड्या म्हणजे प्लॅस्टरचा एक साचा. सगळे साचे काम झाल्यावर फोडले जात. हा एवढा राहिला होता. वरच्या जबड्याचा तो साचा होता आणि त्यातला पुढचा एक दात शेजारच्या दाताच्या खांद्यावर चढून बसलेला होता. त्याच्या अलीकडे काडीपेटीची काडी जाईल एवढी फट. कोणा अपरिचिताच्या मुखाचा हा आराखडा कवळीवाल्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर जपून ठेवला होता, आणि क्वचित कोणी पाहुणा त्या खोलीत डोकावलाच तर ते साचा उचलून म्हणत, "असे होते. मी सरळ करून दिले." त्या वाक्याच्या शेवटी ते किंचित थांबत. काकूंना ते थांबणे पाठ झाले होते.

त्यामागचे कारणही काकूंना ठाऊक होते. कवळीवाल्यांच्या आईचे पुढचे दात वेडेवाकडे होते. ती माउली जन्मभर तोंडावर तळहात धरून हसली. घरातल्या एकुलत्या एका छायाचित्रातही तिचा हात ओठांवर आहे. हसू केवळ डोळ्यांत दिसते. लहानपणी तो हात बाजूला करण्याचा मुलाने पुष्कळदा प्रयत्न केला होता, आणि आईने दर वेळी दुसरा हात वर नेला होता. पुढे हा व्यवसाय त्यांनी निवडला तो त्याच हातामुळे, असे काकू म्हणत. ते स्वतः काहीच म्हणत नसत.

बँडचे एक वादन संपले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढोल वाजवणारा माणूस कडेला बसलेल्या एका वृद्धाकडे वाकून काहीतरी बोलला आणि तो वृद्ध मान मागे टाकून मोकळेपणाने हसला. त्याचा वरचा ओठ पुष्कळ वर गेला. उतरत्या उन्हाचा एक कवडसा नेमका तेथे पडला.

कवळीवाल्यांचे पाऊल जागच्या जागी थबकले.

"माझे आहेत," ते म्हणाले.

"काय तुमचे?"

"दात. ते त्या म्हाताऱ्यांचे दात. माझे आहेत."

खूण चुकण्यासारखी नव्हती. खऱ्या हिरडीवर संत्र्याच्या सालीसारखे सूक्ष्म खळगे असतात. कवळीच्या हिरडीवर ते करण्याचे कोणी सांगत नाही आणि ते केले म्हणून कोणी वाखाणतही नाही. कवळीवाले मात्र दात घासण्याच्या जुन्या ब्रशाचे ताठ केस मेणावर हलकेच टेकवून ते खळगे उमटवीत. ओठाआड दडून जाणारी ही नक्षी आज प्रथमच त्यांना सूर्यप्रकाशात, जिवंत श्वासाने ओलावलेली दिसत होती.

"मग उभे काय राहिलात?" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसती पत्रं टाकल्यासारखं केलंत. एकाचं तरी उत्तर ऐकून या. मी तोवर आइस्क्रीम आणते."

वृद्ध चौथऱ्याच्या कडेला एका स्टुलावर बसले होते. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटात दोरीने एक पोलादी त्रिकोण लोंबत होता आणि उजव्या हातात तो वाजवण्याची छोटी सळई होती. शेजारी एक तिशी ओलांडलेली स्त्री मांडीवर ट्रम्पेट ठेवून पाणी पीत होती. आसपासचे वादक वृद्धांना मास्तर म्हणत होते.

"माफ करा," कवळीवाले म्हणाले, "एक विचारू का? वरची कवळी आहे ना आपली?"

मास्तरांनी भुवया उंचावल्या. "एवढी कळते का हो? आमची कन्या म्हणते, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"कुणाच्या बापाला नाहीच कळणार," ट्रम्पेट घेतलेली कन्या म्हणाली. "माझ्या बापाला सोडून."

"मला कळली, कारण ती मी केली आहे," कवळीवाले म्हणाले.

मास्तर उठून उभे राहिले आणि त्रिकोण, सळई सगळे एका हातात कोंबून त्यांनी कवळीवाल्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"या हातांनी?"

"या हातांनी."

"अरे, इकडे या रे सगळे. ज्यांनी मला दात दिले ते हे. मी आपला डॉक्टरांना धन्यवाद देत बसलो होतो."

ढोलवाल्याने कौतुकाने ढोलावर काठ्या थरथरवल्या. कोणीतरी टाळी वाजवली. "मास्तरांना उतारवयात रूप दिलंत तुम्ही," एक वादक म्हणाला, "आता बायका आधी त्यांच्याकडे बघतात, मग आमच्याकडे." सगळे हसले, मास्तरही हसले, आणि पुन्हा एकदा ती नक्षी उन्हात दिसली. कवळीवाल्यांचे कान तापले. हा आनंद लपवणे आपल्याला जमत नाही, हे त्यांना जाणवले.

"खाणंपिणं नीट होतं ना?" त्यांनी विचारले.

"कणीस खाल्लं आत्ताच. दोन्ही बाजूंनी."

"आणि बँडमध्ये आपण हे वाजवता," त्रिकोणाकडे पाहत ते केवळ सौजन्याने म्हणाले.

"आता हे," मास्तर म्हणाले. "आधी ते." त्यांनी कन्येच्या मांडीवरच्या ट्रम्पेटकडे हनुवटी वळवली. "हा बँड उभा केला तो मी. पहिल्या ट्रम्पेटची खुर्ची माझी होती. आता हिची."

"सोडलंत मग?"

"मी कशाला सोडतोय. त्यानं सोडलं मला." मास्तर पुन्हा स्टुलावर बसले आणि शेजारच्या खुर्चीकडे त्यांनी हात केला. "दात हलायला लागले, काढले, कवळी आली. आणि सूर लागेना. रोज पहाटे बसायचो, शेजारी शिव्या द्यायचे. नुसती हवा. कधी चुकून एखादा सूर यायचा, तोही शेळी शिंकल्यासारखा. सहा महिने धडपडलो. मग म्हटलं, ओठ म्हातारा झाला आपला. होतो माणसाचा. उगाच हट्ट कशाला? हिच्या हातात देऊन टाकलं."

"वय झालं की होतं तसं," कवळीवाले म्हणाले.

"होतं ना. पण खरं सांगू, आधीचे दात म्हणजे नुसती अडगळ होती बघा. पुढचा एक दुसऱ्याच्या खांद्यावर चढलेला, आणि शेजारी ही फट. लग्नात बायको म्हणाली होती, तोंड मिटून फोटो काढा. पण ट्रम्पेटचं तोंड नेमकं तिथं टेकायचं. खुंटीला टोपी अडकवावी तसं. मला शोधावं लागायचं नाही."

कवळीवाले मास्तरांच्या वरच्या ओठाकडे पाहत होते.

"डॉक्टरांना मी म्हटलं होतं, जमलं तर होते तसे ठेवा. ते म्हणाले, सांगतो. पण कवळीत कुठलं जमायला? साच्यातून निघतात ना ते, सरळच निघणार. आरशात बघितलं तर राजपुत्राचे दात. मी म्हटलं, जमलं नसेल."

कागदी झुंबरे डोलत होती. रस्त्यापलीकडे कोणी मूल फुग्यासाठी हटून बसले होते. हे सर्व कवळीवाल्यांना दिसत होते. तथापि त्याचा आवाज जणू कोणी काढून नेला होता. आपण बसलो आहोत की उभे आहोत हे त्यांना पायांकडे पाहून ठरवावे लागले.

निरोप आला होता. दवाखान्याच्या नोकराने खोके ठेवताना सांगितले होते, "आधीच्या दातांचा साचा सोबत आहे. होते तसे बसवा म्हणालेत." आणि त्यांनी बसवलेही होते. आधी तो चढलेला दात मेणात वाकडा रोवला होता, फट काडी घालून मोजली होती. अगदी साच्याबरहुकूम, आरशातल्या प्रतिबिंबासारखे. दिवेलागणीला हात धुऊन ते ती रांग पाहत बसले. पाहता पाहता त्यांना आईचा तळहात आठवला. असे दात कोणी आपण होऊन मागेल हे त्यांच्या मनाला पटेना. तो बिचारा संकोचाने म्हणाला असेल, फार काही मागू नये म्हणून म्हणाला असेल. त्यांनी पुन्हा सुरी तापवली, मेण मऊ केले आणि तो दात खांद्यावरून उतरवून रांगेत उभा केला. फट मिटवली. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली होती. एखाद्या परक्या माणसाला त्याने न मागितलेले सुख गुपचूप देऊन यावे, तशी.

"काय, भेटले का तुमचे दात?" दोन्ही हातांत आइस्क्रीम घेऊन काकू येत होत्या.

"या, वहिनी, या," मास्तर म्हणाले. "आमच्या दातांच्या आई तुम्हीच म्हणायच्या."

काकू मोकळ्या हसल्या. "यांनी असे किती जणांचे सरळ केलेत विचारा. आमच्या खिडकीत एक वाकड्या आहे, तुम्हाला सांगते, त्याचा पुढचा दात कसा..."

"थांब," कवळीवाले म्हणाले.

काकू थांबल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हा स्वर त्यांनी ऐकलेला नव्हता. त्यांनी पुढे केलेले आइस्क्रीम कवळीवाल्यांनी घेतले आणि ते हातात आहे हे ते विसरून गेले.

काकूंचे वाक्य अर्धे राहिले होते आणि कोणाच्या काही लक्षात आले नव्हते. तेवढ्यावर उठून, नमस्कार करून गर्दीत शिरता आले असते. मास्तरांनी आपल्या ओठाशी समेट केलेला होता. कन्येला खुर्ची मिळाली होती. बँड वाजत होता.

"मास्तर," ते म्हणाले, "वाकडे बसवता येतात."

"काय?"

"दात. साच्यातून निघत नाहीत ते. एकेक हातानं बसवतो मी. वाकडा हवा असेल तर वाकडा. तुमचा निरोप मला पोचला होता. होता तसा बसवलाही होता मी तो. मग सरळ केला."

मास्तरांच्या चेहऱ्यावर पूर्वीचेच स्मित होते. ते आवरून घ्यायचे राहून गेले होते एवढेच.

"का हो?" त्यांनी विचारले.

"वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

ढोलवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. आइस्क्रीम कवळीवाल्यांच्या मनगटावरून ओघळून बाहीत शिरले. काकूंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतले, आणि वाकड्या कोण हे त्याच क्षणी त्यांना कळले असावे, कारण त्या मटकन बाजूच्या खोक्यावर बसल्या.

"म्हणजे," मास्तर सावकाश म्हणाले, "ओठ म्हातारा झाला नव्हता माझा?"

"ते मला सांगता यायचं नाही. पण टेकायची जागा मी काढून घेतली."

मास्तरांनी दोन बोटे वरच्या ओठावर ठेवली, आणि कोणी झोपलेल्याला जागे करताना चाचपावे तसा तो ओठ हळूहळू दाबून पाहिला. त्यांनी ट्रम्पेटकडे पाहिले नाही. कन्येने मात्र ते मांडीवरून उचलून छातीशी धरले होते.

"काका," ती म्हणाली; तिचा आवाज कोरडा होता. "हे आज सांगायलाच हवं होतं का?"

"हवं होतं," मास्तर म्हणाले.

"बाबा, आत्ता कुठे तुम्ही ट्रम्पेटचा नाद सोडला होता. त्याआधी ते उशाशी घेऊन झोपायचात. किती रडलात..."

"तू गप्प बस जरा." ते कठोरपणे बोलले नाहीत. मग कवळीवाल्यांकडे वळले. "आता होईल काही?"

"साचा आहे. फोडला नाही. हीच कवळी चालेल, पुढचे दात काढून पुन्हा बसवीन. होते तसे. केसभर इकडेतिकडे होणार नाही."

"आणि सूर लागेल?"

या प्रश्नाला एक सोपे उत्तर होते आणि ते देण्याची अनावर इच्छा कवळीवाल्यांना झाली. परंतु सोपे, सुखाचे असे काही या माणसाला देण्याचा आपला अधिकार संपला आहे हे त्यांना उमगले होते.

"माहीत नाही," ते म्हणाले. "ओठानं बरेच दिवस काही केलेलं नाही."

"तेही खरंच." मास्तरांनी खिशातून धुतलेला, घडीचा रुमाल काढला. कन्येच्या हातातली पाण्याची बाटली घेतली. गर्दीकडे पाठ करून त्यांनी मान खाली घातली, आणि पुन्हा वळले तेव्हा रुमालाची पुरचुंडी त्यांच्या तळहातावर होती.

"अहो, आत्ता कशाला?" कवळीवाले घाबरे होऊन म्हणाले. "जेवाल काय? मी उद्या घरी येऊन नेतो."

"पातळ काहीतरी खाईन." दातांवाचून शब्दांतून हवा जात होती. वरचा ओठ आत ओढला गेल्याने चेहरा एकाएकी पुष्कळ जुना झाला होता. "उद्याचं उद्या. आत्ता न्या."

चौथऱ्यावरून कोणीतरी मास्तरांना हाक मारली. पुढचे वादन सुरू व्हायचे होते. कन्या उठली, दोन पावले गेली, परत आली आणि तिने बापाच्या खांद्यावरची धूळ झटकली. तेथे धूळ नव्हती. मास्तरांनी त्रिकोण दोरीने बोटात अडकवला.

"वहिनी, आइस्क्रीम खा," ते म्हणाले. "पातळ झालं तर मला द्या."

कोणी हसले नाही.

कवळीवाले आणि काकू ठेल्यांच्या रांगेतून चालू लागले. साखरेच्या पाकात घोळवलेली सफरचंदे ताटलीत मांडलेली होती. लोक ती दातांनी फोडीत होते आणि फोडण्याचा तो आवाज चोहीकडून येत होता. कवळीवाल्यांनी कोणाच्याही तोंडाकडे पाहिले नाही. उजवा हात खिशात होता. रुमाल ओलसर होता, आणि त्यातून एक ऊब त्यांच्या बोटांना लागत होती. ती ओसरण्याची ते वाट पाहत होते, पण ती ओसरत नव्हती.

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "दिवा पिठाच्या डब्यामागे आहे."

"बरं."

मागे बँड सुरू झाला. ट्रम्पेटचा पहिला सूर जरासा थरथरला, मग स्थिर झाला आणि झुंबरांवरून दूर पसरला. त्याच्याखाली, ठरल्या जागी, त्रिकोणाचा स्वच्छ किणकिणाट येत होता. कवळीवाले वळून उभे राहिले. गर्दीच्या डोक्यांवरून चौथऱ्याची ती कड दिसत होती. मास्तर ताठ बसले होते, ओठ घट्ट मिटलेले, आणि सळई दर वेळी अचूक पडत होती.

वाजवता वाजवता ढोलवाला त्यांच्याकडे झुकला. कानाशी काहीतरी बोलला. मघाच्या शांततेवर उतारा म्हणून असेल, किंवा रोजचाच काही चावटपणा असेल. मास्तरांचे खांदे हलले. त्यांना हसू आले होते. सळई धरलेला त्यांचा उजवा हात वर गेला आणि तळहात ओठांवर आडवा राहिला.

त्या एका ठोक्याला त्रिकोण वाजला नाही.